साडेदहा वाजून आठ मिनिटं

काका, तुम्हाला रोज आठ मिनिटं उशीर होतो असं मी लिहून दिलं होतं. टाइप करून, खाली सही करून. तुमचं नाव मी त्यात घेतलं नव्हतं, फक्त ‘निरीक्षक’ म्हटलं होतं. नाव न घेता लिहिलं म्हणजे आपण चांगुलपणानं वागलो, असं मला तेव्हा वाटलं.

तुम्ही गेल्याला आज एकोणीस दिवस झाले. हे लिहायला मी सकाळपासून तीनदा बसले आणि तीनदा उठले. एकदा कूलरमध्ये पाणी टाकायला, एकदा गच्चीवरच्या पापडांवरचे कावळे हाकलायला आणि एकदा कशालाच नाही. आई म्हणाली, "एका जागी बस बरं थोडी. तुला बघून मलाच गरगरतंय." बसले आहे. घड्याळ काढून उशीखाली ठेवलंय, कारण दर दोन मिनिटांनी मी मनगटाकडे बघते.

आपण नेमकं काय करतो हे मला अजूनही कोणाला धड सांगता येत नाही. तुम्ही एका वाक्यात सांगायचात. फाट्यावरच्या चहावाल्यानं विचारलं होतं, तेव्हा तुम्ही बोट वर केलंत. "वर एक डोया हाय. तो जमिनीचा ताप पाहते. त्या डोयाले चष्मा लागला का, ते आम्ही खालून पाहतो." चहावाल्यानं वर पाहिलं, मग माझ्याकडे. "आन या मॅडम?" तुम्ही म्हणालात, "त्या डोयाच्या डाक्टर. मी कंपौंडर."

मी हसले नाही. मला कोणी मधे ओढलेलं आवडत नाही, हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. नागपुरात प्रताप नगरहून गाडीत बसले की मी कानात इअरफोन घालायचे, म्हणजे गजूभाऊ ड्रायव्हरशी बोलावं लागत नसे. तुम्ही उमरेडहून एस.टी.नं यायचात आणि फाट्यावर गाडीत चढायचात. एक दिवस गजूभाऊ टायरची हवा बघायला उतरले, तेव्हा तुम्ही मागे वळून हळूच म्हणालात, "बोलाचं नसन तं नको बोलू वं. पण वायर तं फोनले लागलीच नाई." वायरचं टोक माझ्या मांडीवर पडलं होतं. गजूभाऊ परत आले तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत होता. ती गोष्ट तुम्ही पुन्हा कधी काढली नाहीत आणि कोणाला सांगितलीही नाहीत. मी तेव्हा थँक्यू म्हणायला हवं होतं. मी वायर गुंडाळून पर्समध्ये ठेवली.

गहू-हरभरा निघाला की तिकडचं रान मैलोनमैल एकसारखं काळं आणि उघडं पडतं, म्हणून ती जागा. उपग्रह म्हणतो ही माती इतकी तापली. आपण त्याच वेळी तीच माती बंदुकीसारख्या उष्णतामापकानं मोजायची आणि त्याचं खरं आहे का ते पाहायचं. ही बंदूक चालवायला तुम्ही मला शिकवलंत. त्याआधी डबा शिकवलात. स्टीलचा जुना डबा, आतून काजळीसारखा काळा रंगवलेला, पाण्याच्या बादलीत गळ्यापर्यंत बुडवलेला, बाजूला पाण्यात साधा थर्मामीटर. बंदूक डब्याच्या तोंडात रोखायची. बंदूक आणि थर्मामीटर एकच आकडा बोलले तर पुढे जायचं, नाही तर नाही. बंदुकीला कंपनीचं सर्टिफिकेट आहे असं मी म्हटलं होतं.

"असू दे ना. पयले आपल्यालेच तपासाव, मंग दुसऱ्याचं काढाव."

हे मी रोज करायचे. डब्यात बंदूक रोखायचे, आकडा लिहायचे. तुमच्यामुळे लागलेली ती एकच सवय असेल जिच्यात मी कधी चुकले नाही. पण तपासलं ते फक्त बंदुकीला.

आता ती पहिली सकाळ. मी ती एवढ्या वेळा आठवून पाहिली आहे की तिचे कोपरे झिजलेत. उपग्रहाचं चित्र साडेदहाचं होतं. फाईलच्या नावातच वेळ असते. मी सव्वादहापासून बंदूक घेऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभी. तुम्ही बाभळीखाली, डोक्याला दुपट्टा गुंडाळून कैरी कापत होता.

"काका, साडेदहा."

"हाव. वाजू दे."

"चित्र साडेदहाचं आहे."

"तो आता वर बर्फात असन. मंग काश्मीर. मंग दिल्ली. आपल्याकडे यायले टाइम हाय. बस, कैरी खा."

गजूभाऊ गाडीच्या बोनेटवरून ओरडले, "काकाले वाटते तो बी एस.टी.नं येते!" आणि मी हसले. खरं सांगायचं तर तुमच्याबरोबर असताना मी पहिल्यांदा मोकळी हसले ती तेव्हा. तुम्हीही हसलात, पण जरा उशिरानं, आणि कैरीला मीठ लावायला लागलात. नंतर घड्याळ पाहून उठलात आणि सावकाश चालायला लागलात, दर दहा पावलांवर एक माप.

दुसऱ्या दिवसापासून मी माझी बंदूक घेऊन बरोबर साडेदहाला एकटी निघायला लागले. तुम्ही आठ मिनिटांनी माझ्याच पावलांवरून. गजूभाऊ म्हणायचे, "नवराबायको भांडल्यावर देवळात जातात तसे जाता तुम्ही दोघं. एक पुढे, एक मागे." ते आपण दोन उन्हाळे केलं.

माझं माप नेहमी उपग्रहापेक्षा कमी यायचं, जवळजवळ एका अंशानं. तुमचं जुळायचं. एप्रिलच्या सकाळी काळी माती इतक्या वेगानं तापते की आठ मिनिटांत तेवढा फरक सहज पडतो, हे मला माहीत होतं. म्हणून मी एक हुशार निष्कर्ष काढला: वरचं यंत्र बिघडून जास्त दाखवायला लागलंय, आणि काका उशिरा मोजतात म्हणून त्यांचं माप योगायोगानं त्याला जुळतं. तुमचा आळस यंत्राची चूक झाकतोय. ‘आळस’ हा शब्द मी कुठे लिहिला नाही. मनात होता.

गाडीत आपलं भांडण झालं, आठवतं? भांडण म्हणजे मी इअरफोन काढून बोलले, एवढंच.

"डबा विचारला?"

"रोज विचारते. माझी बंदूक बरोबर आहे, काका."

"बंदूक बराबर. तू बराबर. मंग तोही बराबर."

"तिघंही बरोबर असतील तर फरक येतो कुठून?"

"काहून येते ते तू पाय ना."

मला वाटलं, यांना उत्तर माहीत नाही म्हणून हे असं बोलतात. माझ्या शाळेत प्रश्नाला प्रश्नानं उत्तर दिलं की मार्क कापत.

मग मी ती टीप लिहिली. उपग्रहाच्या आकड्यांतून एक अंश वजा करावा, आणि निरीक्षकाच्या आजवरच्या नोंदी वेळ पाळलेली नसल्यामुळे तपासणीतून वगळाव्यात. आजवरच्या म्हणजे मी शाळेत होते तेव्हापासूनच्या. आपल्या विभागाच्या सरांनी ती ऑफिसच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवली आणि ‘व्हेरी नीट’ म्हणाले. तुम्ही दाराजवळच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसला होता. माझे कान गरम झाले होते. कौतुकानं, असं मी स्वतःला सांगितलं.

नंतर पाण्याच्या कूलरपाशी तुम्ही माझ्यासाठी थांबलात. रागावलेले नव्हता. रागावला असतात तर बरं झालं असतं.

"सांगतलं ना वं मी तुले. तू हासली."

मला खरंच कळलं नाही तुम्ही कशाबद्दल बोलताय. मी म्हटलं, "काका, नंतर बोलू." माझा एक कॉल होता. कोणाचा होता, आता आठवतही नाही.

आठ दिवसांनी गजूभाऊंचा फोन आला.

तेरवीला मी उमरेडला एकटी आले, तुमच्याच एस.टी.नं. जेवणानंतर निघू म्हणून चपला शोधत होते, तर काकूंनी हात धरून आत नेलं. कपाटाच्या तळातून सात वह्या काढल्या, जाड पुठ्ठ्याच्या, दोरीनं बांधलेल्या.

"ने या. इथं कोण वाचन?"

मी म्हटलं, "काकू, ऑफिसमध्ये विचारून..."

"ऑफिसच्या नाई, त्याईच्या हायेत. तुह्यासाठीच काढल्या होत्या माळ्यावरून. म्हणत, त्या पोट्टीले दाखवतो एक दिवस. मापाची पक्की हाय म्हणत. फक्त ऐकत नाई." मग त्यांनी पदरानं वरच्या वहीवरची धूळ पुसली, आणि पुसतच राहिल्या.

मी वह्या उचलल्या. "बरं," म्हटलं. फक्त तेवढंच.

परतीच्या बसमध्ये मी वही उघडली. ऑफिससाठी मी जो तक्ता बनवला होता त्यात वेळेचा रकाना एकच होता. तुमच्या वहीत दोन होते. पहिल्यावर लिहिलं होतं ‘चित्र’, दुसऱ्यावर ‘नजर’. चित्र साडेदहा, नजर दहा अडतीस. चित्र अकरा, नजर अकरा आठ. पानंच्या पानं. माझ्या तक्त्यात भरताना तुम्हाला दोनातली एक वेळ निवडावी लागली, आणि तुम्ही जी खरी होती ती भरलीत.

पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर ते कसं सापडलं तेही लिहून ठेवलंय. एक दिवस रानावरून एकटा ढग गेला. त्याची सावली विहिरीवर कधी आली ते तुम्ही घड्याळ लावून टिपलंत: बरोबर साडेदहा. मग ऑफिसात येऊन चित्र मागून घेतलंत. साडेदहाच्या चित्रात सावली विहीर ओलांडून पुढे गेलेली होती. घड्याळाप्रमाणे ती तिथे आठ मिनिटांनी असायला हवी होती. खाली एकच ओळ: ‘चित्र एकदम निघत नाही. वरून खाली वाचत येतो. आपली ओळ आठ मिनिटांनी.’

बस कुठेतरी थांबली, कोणी उतरलं, कोणी चढलं. मोबाइलवर फाईल उघडायला बघितली, रेंज नव्हती. प्रताप नगरला उतरून घरापर्यंत जवळजवळ धावत आले, चपला न काढताच लॅपटॉप लावला. फाईलच्या आत प्रत्येक ओळीची वेळ वेगळी लिहिलेली असते, काका. उत्तरेच्या टोकापासून सुरू, दक्षिणेला संपते, मधे अर्ध्या तासाला थोडाच कमी वेळ जातो. आपली ओळ: दहा अडतीस. मी दोन वर्षं त्या फाईली रोज उघडत होते आणि वेळ मात्र नावावरून घेत होते.

तो बर्फात होता. मग काश्मीर, मग दिल्ली. तुम्ही विनोद करत नव्हता. तुम्ही मला त्याचा रस्ता सांगत होता.

यानंतरचे तीन दिवस मी घरात नुसती फिरत होते. राग येत होता, आणि तो तुमच्यावरही येत होता. नीट का नाही सांगितलंत? खाली बसवून, वही दाखवून? मग मनात यायचं, नीट म्हणजे कसं? तेच वाक्य कोणी टाय लावून, पडद्यावर आकृती दाखवून इंग्रजीत सांगितलं असतं तर मी वहीत उतरवून घेतलं असतं, खाली रेघ मारली असती. तुम्ही कैरी कापता कापता सांगितलंत म्हणून मी हसले. मी जन्मभर नागपुरात राहते. घरी मराठी बोलते. पण माझ्या डोक्यात कुठेतरी असं बसलेलं होतं की खरी माहिती त्या बोलीत येत नाही. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. तरी पाठ होतं.

सोमवारी मीटिंग होती आणि माझी टीप मंजुरीला होती. मंजूर झाली असती तर तुमच्या सात वह्या कायमच्या बाहेर, आणि वरच्या धडधाकट यंत्रातून एक अंश वजा. या शहरात उन्हाचा एक अंश म्हणजे काय, ते कोणाला सांगायला नको. मी आपणहून मीटिंगमध्ये कधीच बोललेले नाही, तुम्हाला माहीत आहे. रविवारी बाथरूमच्या आरशासमोर इंग्रजीत चार वाक्यं घोकली. ‘इट हॅज कम टु माय नोटिस’ अशी सुरुवात होती. म्हणजे पुन्हा कोणाचंच नाव नको.

सोमवारी माझा विषय आला आणि ती चारही वाक्यं गेली. मी उभी राहिले. सर म्हणाले, "बसून बोल." मी उभीच राहिले.

"मी चुकले," मी म्हटलं. "काकांना उशीर होत नव्हता. मी लवकर मोजत होते."

कोणीतरी म्हणालं, जरा मोठ्यानं. मी पुन्हा म्हटलं. मग वही उघडून टेबलावर सरकवली. सरांनी पहिलं पान वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं.

"हे त्यांना कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही. त्यांनी ढग पाहून काढलं."

सर तुमच्या खुर्चीकडे बघत होते. ती रिकामी नव्हती, कोणीतरी तिच्यावर बॅग ठेवली होती. "टीप मागे घे," ते म्हणाले. "या सगळ्या नोंदी दोन्ही वेळांसकट नव्यानं भराव्या लागतील. कोण भरणार?"

"मी."

"निरीक्षकाच्या जागी नाव लागतं. पूर्ण नाव काय त्यांचं?"

आणि मला ते माहीत नव्हतं. दोन उन्हाळे एका गाडीत बसून मला तुमचं पूर्ण नाव माहीत नव्हतं. मी वही उलटी केली. मागच्या पुठ्ठ्यावर तुम्ही शाळेतल्या मुलासारखं लिहून ठेवलंय: वामन दशरथ सोनकुसरे, मु. पो. उमरेड. ते मी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. त्या दिवशी कोणी मला आवाज वाढवायला सांगितलं नाही असं तेवढं एकच वाक्य.

आता दीड वही भरून झाली आहे. आणि ऐका, तुम्ही पूर्ण बरोबर नव्हता. ‘नजर’ची वेळ घेतली तरी या उन्हाळ्याच्या नोंदींत थोडा फरक उरतोच. अगदी थोडा, पण रोज एकाच बाजूला. तुम्ही म्हणालात तोही बराबर. मला तसं वाटत नाही. मला वाटतं त्या डोळ्याला खरंच बारीकसा नंबर लागतोय. यावर मला तुमच्याशी भांडायचंय, यावेळी कानात वायर न घालता. तुम्ही आधी विचाराल, डबा विचारला? मग म्हणाल, काहून येते ते तू पाय. मी बघतेय. पण ‘बघतेय’ म्हणायला समोर कोणी नाही, आणि मी पुन्हा उठते, पाणी पिते, परत बसते.

काल सकाळी रानात गेले होते. गजूभाऊ फाट्यावर सवयीनं थांबले, दरवाजाही उघडला, मग लावून घेतला. बादली भरली, डबा बुडवला. बंदूक आणि थर्मामीटर एकच बोलले. मी बाभळीखाली बसले, तुमच्या जागेवर नाही, बाजूला.

गजूभाऊ बोनेटवरून म्हणाले, "मॅडम, साडेदहा."

"हो. वाजू द्या. तो आता बर्फात आहे."

ते हसले नाहीत. खाली उतरले, बाभळीपाशी येऊन उभे राहिले. थोड्या वेळानं त्यांनी वर बघून विचारलं, "आता?"

"काश्मीर."

नुसतं बसून राहायला आठ मिनिटं फार असतात, काका. तुम्ही ती कैरीवर काढायचात. मी मातीकडे बघत होते, ती समोर तापत होती आणि मला उठून निघावंसं वाटत होतं. पाय शिवशिवत होते. मी हात गुडघ्यांभोवती घट्ट धरून ठेवले.

"आता कुठं असन जी?"

"दिल्ली. येतोय."

मग घड्याळात दहा अडतीस झाले आणि मी उठले.